बारकोडमधील जागा आणि मजकुराचे संपीडन

औषधाच्या वेष्टनावर, ओळखपत्राच्या मागील बाजूस किंवा प्रमाणपत्राच्या कोपऱ्यात छापलेली काळ्यापांढऱ्या घरांची चौकट आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. अशा चौकटीतून मजकूर पोहोचविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात चौकटीत केवळ एक पत्ता असतो. मूळ मजकूर दूरच्या संगणकावर राहतो आणि वाचणाऱ्याला तो जाळ्यामार्फत मागवून घ्यावा लागतो. दुसऱ्या मार्गात मजकूर स्वतःच चौकटीत भरलेला असतो. पहिला मार्ग सोयीचा खरा. पण ज्या गावी जाळे पोहोचत नाही तेथे, किंवा तो दूरचा संगणक बंद पडल्यावर, कागदावरील चौकट मुकी होते. दुसऱ्या मार्गात ही पराधीनता नाही. त्यात अडचण एकच, आणि ती म्हणजे जागेची.

ही जागेची अडचण मजकूर दाबून बसविल्याने, म्हणजेच संपीडनाने, कितपत दूर होते, आणि तसे करताना कशाचा त्याग करावा लागतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला रोमन अक्षराच्या तिप्पट जागा लागते, आणि हा भार लिपीच्या स्वभावातून आलेला नसून अंकनाच्या पद्धतीतून आलेला आहे.

१. रेषांपासून घरांपर्यंत

बारकोडची मूळ कल्पना नॉर्मन वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर या अमेरिकन संशोधकांची. त्यांनी १९४९ साली स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला व १९५२ साली त्यांना तो हक्क मिळाला. तारायंत्राच्या मोर्स लिपीतील ठिपके आणि रेघा वाळूत काढून वुडलँड यांनी त्या खाली ओढल्या आणि त्यांतून जाड-बारीक रेषांची कल्पना त्यांना सुचली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मोर्स लिपीत इंग्रजीत वारंवार येणाऱ्या 'ई' या अक्षराला एकच ठिपका दिलेला आहे, तर क्वचित येणाऱ्या अक्षरांना लांब खुणा दिलेल्या आहेत. जे वारंवार येते त्याला थोडकी जागा द्यावी, हे संपीडनाचे आद्य सूत्र त्या लिपीत अगोदरच होते. बारकोडने मोर्सच्या रेघा घेतल्या. हे सूत्र मात्र घेतले नाही. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगमच्या पुडक्यावरील जो बारकोड प्रथम वाचला गेला, त्यात बारा अंक होते आणि प्रत्येक अंकाला सारखीच, म्हणजे सात एकके रुंदीची, जागा दिलेली होती. मालाच्या क्रमांकात सर्वच अंक संभवनीय असल्यामुळे त्या कामापुरते हे योग्यच होते.

केवळ क्रमांक नव्हे तर मजकूरच छापावा, अशी गरज निर्माण झाल्यावर रेषांच्या जागी द्विमितीय चौकटी आल्या. त्यांपैकी सर्वांत अधिक प्रसार झालेला क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. त्याचे चाळीस आकार आहेत. सर्वांत लहान आकारात एका बाजूस २१ घरे असतात व सर्वांत मोठ्यात १७७. प्रत्येक घर काळे किंवा पांढरे, म्हणजे एक बिट. मोठ्या आकारात एकूण ३१,३२९ घरे होतात. तथापि ती सर्व मजकुरासाठी मोकळी नसतात. कोपऱ्यांतील मोठे चौकोन वाचनयंत्राला दिशा दाखवितात, आणि बराच भाग दोषनिवारणासाठी खर्च होतो. हे दोषनिवारण १९६० साली रीड व सॉलोमन यांनी मांडलेल्या गणितावर आधारलेले आहे. त्याच्या चार पायऱ्या असून त्यांमुळे चौकटीचा अनुक्रमे सुमारे ७, १५, २५ व ३० टक्के भाग पुसला गेला तरी मजकूर जसाच्या तसा परत मिळविता येतो. पायरी जितकी वरची तितकी मजकुराची जागा कमी.

२. एकाच पेटीची चार मापे

क्यूआर कोडच्या धारणशक्तीचे आकडे चार प्रकारे दिले जातात. सर्वांत मोठ्या आकारात व दोषनिवारणाच्या सर्वांत खालच्या पायरीवर ७,०८९ अंक, किंवा ४,२९६ रोमन मोठी अक्षरे व अंक, किंवा २,९५३ बाइट, किंवा १,८१७ जपानी कांजी चिन्हे मावतात. प्रथमदर्शनी या चार निरनिराळ्या पेट्या वाटतात; वस्तुतः पेटी एकच आहे. अंकांच्या रीतीत तीन अंकांना १० बिट लागतात. म्हणून ७,०८९ अंकांना २३,६३० बिट होतात. दुसऱ्या रीतीत ४५ चिन्हांची मर्यादित वर्णमाला असून दोन चिन्हांना ११ बिट लागतात. ४,२९६ चिन्हांचे २३,६२८ बिट होतात. बाइटच्या रीतीत २३,६२४ आणि कांजीच्या रीतीत, दर चिन्हाला १३ बिट धरून, २३,६२१. पेटीचे माप चारही वेळा सुमारे साडेतेवीस हजार बिटांचेच आहे. फरक आहे तो काय भरावयाचे हे अगोदर ठाऊक असण्याचा.

तीन अंकांच्या एक हजार जोडण्या होतात आणि दहा बिटांनी १,०२४ जोडण्या दाखविता येतात. त्यामुळे वाया जाणारी जागा नगण्य ठरते. त्याचप्रमाणे ४५ चिन्हांच्या जोड्या २,०२५ होतात व अकरा बिटांच्या जोडण्या २,०४८. १९९१ सालच्या पीडीएफ४१७ या बारकोडमध्येही हीच युक्ती आढळते. त्यात ९०० मूल्यांचे संकेतशब्द असून पाच संकेतशब्दांत सहा बाइट आणि पंधरा संकेतशब्दांत ४४ अंक बसविले जातात. या सर्व युक्त्यांना काटेकोर अर्थाने संपीडन म्हणता येणार नाही. मजकुरात कोणते चिन्ह किती वेळा येते, कशामागून काय येते, याची दखल त्या घेत नाहीत. त्या केवळ वर्णमालेच्या लांबीइतके माप कापून देतात. ही वर्णमालेची काटकसर होय. भाषेची काटकसर तिच्या पुढची पायरी आहे.

३. भाषेतील अतिरिक्त भाग

क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचे गणित मांडले. त्यांच्या विवेचनाचे सार असे, की जे येणार हे अगोदरच निश्चित आहे ते आल्याने नवी माहिती मिळत नाही. ज्याची शक्यता जितकी कमी, तितकी त्याने दिलेली माहिती अधिक. कोणत्याही नैसर्गिक भाषेत पुढील अक्षराचा अंदाज पुष्कळदा आधीच बांधता येतो. १९५१ साली शॅनन यांनी इंग्रजी वाचकांना पुढचे अक्षर ओळखावयास लावून असा निष्कर्ष काढला, की दीर्घ संदर्भ ठाऊक असल्यास छापील इंग्रजीतील एका अक्षराची खरी माहिती ०.६ ते १.३ बिटांच्या दरम्यान असते. संगणक मात्र त्या अक्षरासाठी सामान्यतः आठ बिट खर्च करतो. या दोहोंतील अंतर हेच संपीडनाचे कार्यक्षेत्र.

हे अंतर कमी करण्याचे दोन प्रमुख उपाय आहेत. डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीत वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड व क्वचित येणाऱ्या चिन्हाला लांब संकेत दिला जातो, आणि हे संकेत एकमेकांत मिसळणार नाहीत अशी व्यवस्था असते. जेकब झिव्ह व अब्राहम लेंपेल यांनी १९७७ साली मांडलेल्या रीतीत, पूर्वी येऊन गेलेला शब्दसमूह पुन्हा आला की तो लिहिण्याऐवजी 'इतके मागे जाऊन इतकी चिन्हे घ्या' एवढीच सूचना लिहिली जाते. या दोहोंच्या मिलाफातून 'डिफ्लेट' ही पद्धती सिद्ध झाली. झिप व जीझिप या नित्य वापरातील प्रकारांच्या मुळाशी तीच आहे.

४. देवनागरीवरील भार

युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ स्थानांचा एक सलग पट्टा दिलेला आहे. १२८ स्थानांतून एक निवडण्यास सात बिट पुरतात. तथापि यूटीएफ-८ या सर्वत्र रूढ असलेल्या अंकनात रोमन अक्षराला एक बाइट आणि देवनागरी वर्णाला तीन बाइट, म्हणजे २४ बिट, लागतात. या तीन बाइटांची रचना पाहिल्यास अपव्ययाचे स्वरूप स्पष्ट होते. पहिल्या बाइटाचे मूल्य नेहमी २२४ असते. दुसरा बाइट १६४ किंवा १६५ या दोहोंपैकीच एक असतो. तिसऱ्याला केवळ ६४ मूल्ये संभवतात. शॅनन यांच्या दृष्टीने पाहता अखंड देवनागरी मजकुरात पहिला बाइट काहीच सांगत नाही, दुसरा फार तर एक बिट सांगतो व तिसरा फार तर सहा. सात बिटांच्या मालासाठी चोवीस बिटांची गाडी जोडली जाते.

परिणामी क्यूआर कोडच्या सर्वांत मोठ्या चौकटीत २,९५३ रोमन अक्षरे मावत असता देवनागरीचे जेमतेम ९८४ वर्ण मावतात. येथे वर्ण म्हणजे डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. 'घ्या' हे एक अक्षर घ, हलन्तचिन्ह, य आणि काना अशा चार स्थानांनी बनते व बारा बाइट व्यापते. जोडाक्षरे व मात्रा यांनी संपन्न अशा मराठी मजकुराची प्रत्यक्ष अक्षरसंख्या यामुळे आणखी खाली येते.

कांजीशी तुलना केली असता ही गोष्ट अधिक बोचते. कांजी चिन्हे हजारोंनी आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये त्यांनाही बहुधा तीनच बाइट लागतात. परंतु क्यूआर कोड जपानमध्ये जन्मल्यामुळे त्यात कांजीसाठी १३ बिटांची स्वतंत्र रीत पहिल्यापासून आहे. देवनागरीची वर्णसंख्या त्या मानाने अत्यल्प असूनही तिच्यासाठी अशी रीत नाही. तिला बाइटांच्या सामान्य दारानेच आत यावे लागते.

हा भार उतरविण्याचा एक साधा उपाय युनिकोड संस्थेनेच प्रसिद्ध केलेला आहे. युनिकोडच्या प्रमाण संपीडन-पद्धतीत आठ 'खिडक्या' कल्पिलेल्या असून त्यांपैकी एक आरंभापासूनच देवनागरीच्या पट्ट्यावर उघडते. मजकुराच्या सुरुवातीस खिडकी दर्शविणारा एक बाइट लिहिला, की पुढे प्रत्येक देवनागरी वर्णाला एकच बाइट पुरतो. मधली कोरी जागा, विरामचिन्हे व रोमन अंक यांनाही एकेकच. भारतीय मानक म्हणून १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या इस्की या अंकनातही वर्णाला एकच बाइट लागत असे, याचे येथे स्मरण होते.

'औषध जेवणानंतर घ्यावे.' हे छोटे वाक्य उदाहरणादाखल घेता येईल. यात १८ देवनागरी वर्ण, दोन कोऱ्या जागा व एक पूर्णविराम आहे. यूटीएफ-८ मध्ये त्याचे ५७ बाइट होतात; खिडकीच्या पद्धतीत २२. दोषनिवारणाची १५ टक्क्यांची पायरी ठेवल्यास ५७ बाइटांसाठी ३३ घरे बाजू असलेली चौकट लागते, तर २२ बाइटांना २५ घरांची पुरते. म्हणजे १,०८९ घरांऐवजी ६२५. अथवा २९ घरांची चौकट घेऊन दोषनिवारण ३० टक्क्यांच्या पायरीवर नेता येते. तेव्हा चौकट पूर्वीपेक्षा लहानही होते आणि दुप्पट झीज सोसणारीही होते. औषधाच्या वेष्टनासारख्या चुरगळणाऱ्या, घासल्या जाणाऱ्या वस्तूवर या दुसऱ्या पर्यायाचे मोल अधिक आहे.

संपीडित मजकूर नाजूक असतो, एक बिट चुकला की पुढचा सारा मजकूर बिघडतो, असा आक्षेप घेतला जातो. साध्या संचिकेच्या बाबतीत तो खरा आहे. पण क्यूआर कोडमध्ये दोषनिवारण संपीडनाच्या बाहेरील थरात घडते. ते यशस्वी झाले तर सर्व बिट अचूक परत मिळतात. न झाले तर वाचनयंत्र काहीच देत नाही. संपीडनाने वाचलेली जागा दोषनिवारणाला दिल्यास चौकट नाजूक न होता उलट बळकट होते.

५. लहान मजकूर आणि सामाईक कोश

यावर असा प्रश्न संभवतो, की डिफ्लेटसारखी समर्थ पद्धती उपलब्ध असता खिडकीची ही साधी योजना कशाला? याचे उत्तर मजकुराच्या लांबीत आहे. डिफ्लेट पद्धती प्रत्येक मजकुरापासून नव्याने शिकते, आणि शिकण्यास पुरेसा मजकूर लागतो. तिच्यात मागील समूहाचा निर्देश करण्यासाठी किमान तीन बाइट जुळावे लागतात. देवनागरी वर्णाचे आरंभीचे दोन ठरावीक बाइट तेवढ्याने साधत नाहीत. हफमनच्या रीतीने २२४ या मूल्याला आखूड संकेत मिळतो हे खरे. पण ज्या बाइटातून काहीच कळत नाही त्याचेही मोल प्रत्येक वेळी थोडेफार मोजावे लागतेच. शिवाय जीझिप प्रकारात मजकुरापूर्वी व मजकुरानंतर मिळून किमान १८ बाइट वेष्टनापायी जातात. पुस्तकाच्या प्रकरणात ते जाणवत नाहीत; दोन ओळींच्या सूचनेत मात्र सारी बचत ते गिळून टाकू शकतात.

लहान मजकुरासाठी खरा उपाय म्हणजे सामाईक कोश. डिफ्लेटमध्ये मजकुरापूर्वीच एक शब्दसंग्रह देऊन ठेवण्याची सोय आहे. असा संग्रह लिहिणारा व वाचणारा या दोघांकडेही असेल, तर 'जेवणानंतर', 'दिवसातून दोन वेळा', 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये' यांसारखे वारंवार लागणारे शब्दप्रयोग पहिल्याच वेळी निर्देशाने लिहिता येतात. आणखी एक पाऊल पुढे जाऊन शब्दांऐवजी क्रमांकच लिहिले, तर बचत त्याहूनही वाढते.

परंतु जागा कोठून आली, हे येथे नीट पाहणे अगत्याचे आहे. कागदावरील माहिती नाहीशी झालेली नाही. तिचा काही भाग कागदावरून उचलून वाचनयंत्रात ठेवलेला आहे. कोश जितका मोठा तितकी चौकट लहान, आणि तितकीच ती कोश नसलेल्यास दुर्बोध. केवळ क्रमांक छापलेला जुना बारकोड हे या मालिकेचे शेवटचे टोक होय. त्यात जवळजवळ सर्व ज्ञान कागदाबाहेर असते.

६. व्यवहारातील दोन योजना

२०२१ साली युरोपीय संघाने लसीकरणाचे जे प्रमाणपत्र प्रचारात आणले, त्यात ही सर्व सूत्रे एकत्र आढळतात. त्यातील तपशील प्रथम आटोपशीर अशा द्विमान रूपात मांडला जातो. लशीचे वा रोगाचे नाव शब्दांत न लिहिता ठरलेल्या संकेतांकाने दिले जाते. त्यावर डिजिटल स्वाक्षरी होते. नंतर डिफ्लेटवर आधारलेल्या झेडलिब प्रकाराने संपीडन होते. शेवटी ते बाइट ४५ चिन्हांच्या वर्णमालेत उतरवून क्यूआर कोडच्या दुसऱ्या रीतीने छापले जातात. ही शेवटची पायरी उलटी वाटण्याजोगी आहे; पण पुष्कळ वाचनयंत्रे बाइटांना मजकूर समजून त्यांत फेरफार करतात, तो धोका तीमुळे टळतो. दोन बाइटांची तीन चिन्हे होतात व त्यांना साडेसोळा बिट लागतात. नुकसान केवळ तीन टक्क्यांचे. हेच बाइट ६४ चिन्हांच्या रूढ वर्णमालेत उतरवून बाइटांच्या रीतीने छापले असते, तर जागा तेहतीस टक्क्यांनी वाढली असती.

भारतातील आधारपत्रावरील सुरक्षित क्यूआर कोडमध्ये याच अडचणीचा परिहार वेगळ्या रीतीने केलेला आहे. नाव, पत्ता, छायाचित्र व स्वाक्षरी यांचे बाइट जीझिप प्रकाराने संपीडित करून त्या संपूर्ण बाइटमालेला एक प्रचंड पूर्णांक मानले जाते आणि तो पूर्णांक दशमान अंकांत लिहून अंकांच्या रीतीने छापला जातो. तीन अंकांना दहा बिट या हिशेबाने यातील नुकसान अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे जाळ्याचा आधार न घेता पत्राची सत्यता तपासता येते.

दोन्ही योजनांतून संपीडनाच्या मर्यादाही दिसून येतात. स्वाक्षरीचे बाइट यादृच्छिक भासतात, म्हणून ते दाबले जात नाहीत. आधारच्या योजनेत स्वाक्षरीला २५६ बाइट लागतात. मजकूर कितीही लहान केला तरी ते तसेच राहतात. छायाचित्र अगोदरच संपीडित केलेले असते, आणि एकदा पिळलेल्या कपड्यातून पुन्हा पाणी निघत नाही. संपीडनाचा लाभ मिळतो तो मुख्यतः मजकुराच्या भागात.

७. समारोप

भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ठरावीक औषधांच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले आहे. औषधाचे नाव, उत्पादक, तुकडीचा क्रमांक व मुदत एवढा तपशील त्यात असणे आवश्यक आहे. औषध कसे घ्यावे याची सूचना रुग्णाच्या भाषेत त्याच चौकटीत देण्याचा विचार कोणी केल्यास वरील हिशेब त्याला मांडावाच लागेल. तेव्हा मराठीला जागा नाही, असे उत्तर देणे शास्त्राला धरून होणार नाही. एका बाइटाच्या खिडकीने ९८४ वर्णांच्या जागी सुमारे २,९५० वर्ण मावू शकतात. म्हणजे रोमन लिपीशी बरोबरी साधते.

त्यासाठी द्यावे लागणारे मोल जागेचे नसून एकवाक्यतेचे आहे. यूटीएफ-८ मधील मजकूर आजचा कोणताही भ्रमणध्वनी उघडून दाखवितो. तोच मजकूर खिडकीच्या पद्धतीने लिहिला तर साध्या वाचनयंत्रावर अर्थहीन चिन्हे उमटतात. क्यूआर कोडच्या मानकात सर्वसाधारण संपीडनाची रीत नसल्यामुळे प्रत्येक संस्था आपली खासगी रीत ठरवू शकते. तसे झाल्यास त्या संस्थेचे साधन ज्याच्याजवळ आहे त्यालाच कागद बोलका होईल. कांजीच्या उदाहरणातील धडा हाच आहे. ती रीत मानकात लिहिलेली असल्यामुळे ती कोणाच्या मालकीची राहिलेली नाही. देवनागरीसाठी संपीडनाची कोणती रीत अधिक कार्यक्षम, हा गणिताचा प्रश्न बव्हंशी सुटलेला आहे. कोणती रीत सर्वांसाठी खुली राहील आणि ती कोठे नोंदविली जाईल, हा प्रश्न मात्र अद्याप उभा आहे. वाचलेल्या प्रत्येक बिटाच्या पाठीशी लिहिणारा व वाचणारा यांच्यातील एक करार असतो. तो करार प्रसिद्ध असेल, तरच वाचलेली जागा खऱ्या अर्थाने वाचकाच्या पदरी पडते.